हाताची घडी

सोमवार, ६ ऑक्टोबर

आलो एकदाचा जुन्नरला! आहुप्याहून निघालो तेव्हा भात पिवळं पडू लागलं होतं. बहिरूनं माझी ट्रंक एसटीत चढवली. माझाच जुना विद्यार्थी, आता दोन लेकरांचा बाप. म्हणाला, "दिवाळीच्या आत या, गुरुजी. तुमच्याबिगर करमत न्हाई."

परवेजच्या फोटो स्टुडिओवरची खोली झकास आहे. खिडकीत अख्खा शिवनेरी मावतो. त्याच्या आईनं, खातूनबीनं, आल्याआल्या चहा-खारी पाठवली.

काम एकच. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची सीडी, परवेजच्या वडिलांनीच शूटिंग केलेली. मुलं मी रचलेली कविता म्हणताहेत, 'उन्हं उतरली कड्यावरुनी, या रे पाखरांनो घरी', आणि त्यांच्यापुढे माझी बायको रत्ना हातानं ताल धरून त्यांना सांगते आहे. रत्ना गेली, तिचं हलतं-बोलतं एवढंच उरलंय. ते मोबाईलवर घ्यायचं. परवेज म्हणाला, चुटकीसरशी करून देतो.

बुधवार, ८ ऑक्टोबर

चुटकी काही वाजेना. ओठ आधी हलतात, आवाज रेंगाळत मागून येतो, घंटा झाल्यावर वर्गात शिरणाऱ्या पोरासारखा. रत्नाच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन. फाइल नव्व्याण्णव टक्क्यांवर येऊन बसकण मारते. परवेज कॉम्प्युटरला सासू म्हणतो. "हिला हे चालत नाय, हिला ते चालत नाय."

त्यानं समजावलं: व्हिडिओ दाबून लहान करताना यंत्र प्रत्येक चित्र पुरतं लिहीत नाही. हललं तेवढंच लिहितं. स्थिर असेल ते मागच्या चित्रातून उचलतं. मला मौज वाटली. आपण नाही का धृपद एकदाच लिहितो आणि पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसतं 'धृ.'?

शनिवार, ११ ऑक्टोबर

झाली एकदाची फाइल! रत्नाचा चेहरा उजळलाय. कपाळावरचं कुंकूसुद्धा दिसतं. कितीदा पाहिलं कोण जाणे.

पण मागच्या रांगेत टोकाला बहिरू उभा होता. तिथे आता भिंत आहे. चुन्याची, स्वच्छ. परवेज म्हणाला, दाबताना होतं असं कधीकधी. गंमत सांगावी म्हणून बहिरूला फोन लावला. असा नंबरच नाही म्हणे. मग सुभाषला लावला, तोही त्याच रांगेतला. तो खो खो हसला. "कोन बहिरू? गुरुजी, तुमाला जुन्नरची हवा लागली राव!"

मग माझी ट्रंक एसटीत कोणी चढवली?

रविवार, १२ ऑक्टोबर

सीडीवरून पुन्हा करायला लावलं, दुसऱ्या पद्धतीनं. बहिरूला परत आणायचाच होता.

रांगच गेली.

मीच शिकवलं होतं. कविता म्हणताना हाताची घडी. हलायचं नाही, मान ताठ. सगळ्यांनी ऐकलं. गुणी पोरं. फक्त जानकू उरलाय, चड्डी सावरत डुलणारा. आणि रत्ना. काय दिसते! कालपरवासारखी.

मूळ सीडी लावून पाहिली. तिच्यातही भिंतच.

जानकूला फोन केला. सुभाष कुठे आहे विचारलं. तो हलकेच म्हणाला, "कोन सुभाष? साळंत मी एकलाच व्हतो ना, गुरुजी. माझ्यापायीच तर तुमी साळा चालू ठिवली."

मंगळवार, १४ ऑक्टोबर

परवेजनं हात जोडले. नको आता. "दाबलेलं परत फुगत नाय, गुरुजी."

पण उलट फिरवलं तर? नव्यातून जुन्यात? एखाद्या वेळी येतील परत. तो दुपारच्या नमाजाला गेला तेव्हा मीच बटण दाबलं. पडद्यासमोर बसून मोठ्यानं म्हणत राहिलो. या रे पाखरांनो घरी, या रे —

नव्व्याण्णव. शंभर.

मुलं परत आली नाहीत.

चौकटीच्या डाव्या कडेला मी होतो. विसरलोच होतो. मुलांना दाखवायला उभा, हाताची घडी घालून, ताठ. माझ्या सदऱ्यातून भिंत दिसते आहे.

बुधवार, १५ ऑक्टोबर

खातूनबी वर येऊन झाडून गेली. मी कॉटवर बसलो होतो. पाय खाली होते. झाडू त्यांतून —

दाराशी उभी राहून खाली परवेजला ओरडून सांगत होती, वरची खोली कधीची रिकामी पडलीय, कोणीतरी भाडेकरू बघ. तो हो म्हणाला. परवेज हो म्हणाला.

मी उठून येरझारा घातल्या तशी दचकून वळली. "कौन है?" मी थांबलो, आणि तिची नजर माझ्यातून खिडकीकडे —

हलत राहायला हवं.

संध्याकाळ

पाय थकले. बसलो. आता ते दिसत नाहीत. लिहिणारा हात तेवढा दिसतो. म्हणून लिहितो आहे. काहीही लिहितो. शिवनेरी. भात. ट्रंक. बहिरू बहिरू बहिरू

खाली परवेजनं कसली तरी सीडी लावली. आईला विचारतो आहे, ही बाई कोण, किती गोड म्हणते.

रत्ना. आवाज ओठांशी जुळलेला असणार, इतका स्वच्छ. उन्हं उतरली —

पहिल्यांदाच पुरतं ऐकू येतंय. ऐकायला हवं. पण कविता चालू असताना हात हलवायचा नाही, हे मीच —