रबराच्या बटणांचं मशीन

जळगाव, रविवार, १२ जानेवारी १९९२

प्रिय सुपडू,

आज सुट्टी. सकाळी पाणी उशिरा आलं. दोन बादल्या भरल्या, कपडे वाळत घातले. दुपारी शेजारच्या द्रौपदाबाईंनी भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवली, ती जेवलो. नंतर टेबल पुसून तुला लिहायला बसलो आहे.

तुझं पत्र दिवाळीनंतरच आलं होतं. उत्तर दिलं नाही म्हणून तू रागावला असशील. येत्या रविवारी तू नवा पीसी घेऊन येणार आणि जाताना माझा जुना स्पेक्ट्रम कॉम्प्युटर मगनच्या मुलासाठी धुळ्याला नेणार, असं तू ठरवलं आहेस. मी एकटा बसून असतो, नवीन काही शिकण्यात मन रमेल, हा त्यामागचा तुझा हेतू मला समजतो. पण स्पेक्ट्रम द्यायचा नाही. सांगायला इतका वेळ लागला, कारण नुसतं नाही म्हटलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस.

तुझी कारणं बरोबर आहेत. पीसीला हार्ड डिस्क आहे, कळा खऱ्या टाइपरायटरसारख्या आहेत, पुढे मेमरी वाढवता येते, आणि उद्या ऑफिसातही तेच येणार. स्पेक्ट्रममध्ये वाढवायचं होतं ते आपण केव्हाच वाढवलं. तू मुंबईहून चिप्स आणल्या, आपण इथेच या टेबलावर सोळा के मेमरीची अठ्ठेचाळीस के केली, आणि झाकण लावल्यावर एक स्क्रू उरला. तो अजून खिळ्यांच्या डबीत आहे. त्या दिवशीही तू म्हणालास, "नाना, रबराच्या बटणांवर पैसा घालू नको. आमच्या शाळेचा बीबीसी कॉम्प्युटर बघ, किती खणखणीत!" मी म्हणालो, तुझ्या बीबीसीला रंगीत चित्र काढायला लावलं की त्याच्या डोक्यात दुसरं काही मावत नाही. पोहे गार झाले तरी आपलं संपेना. शेवटी कुंदा म्हणाली, "दोन्ही म्हशी चांगल्याच आहेत. दूध कोण काढतं ते सांगा." तू खूप हसलास. मग दर भेटीत "वहिनी, म्हैस काय म्हणते?" असं विचारायचास.

तुला वाटायचं ती गंमत करते. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

मी जिल्हा परिषदेत नकाशे गिरवतो, म्हणून घरात चौकटींचा कागद नेहमी असायचा. त्या पावसाळ्यात मी मशीनवर मराठी अक्षरं काढायच्या मागे लागलो होतो. आठ आडव्या, आठ उभ्या घरांत एक अक्षर बसवायचं. माझा 'क' पडद्यावर चिरडलेल्या झुरळासारखा दिसायचा. कुंदा मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, हे तर दुसुतीवरचं भरतकाम आहे, घरं मोजून टाके घालायचे. माहेरी पिंपळनेरला तिने अशा कितीतरी उशा भरल्या होत्या. तिने पेन्सिल घेतली आणि पोळ्या व्हायच्या आत 'क' काढला. घरांची सगळ्यात वरची ओळ तिने प्रत्येक अक्षरात रेघेला ठेवली. त्यामुळे अक्षरं शेजारी ठेवली की आपोआप एका रेघेला लटकली. हे मला सुचलं नव्हतं.

स्पेक्ट्रम आपल्या मनाची एकवीसच अक्षरं काढू देतो, हे तुला माहीत आहे. बीबीसी जास्त देतो यावरून तू मला किती चिडवलंस! पण आतल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी बसवायची वाट मी काढली होती, आणि ती सगळी तिच्यासाठी. जोडाक्षरांसकट सगळी अक्षरं तिने भरली. वेलांटी मावेना, तर तिला शेजारचं घर दिलं. पहिलं वाक्य तिने टीव्हीवर लिहिलं ते 'आज दूध आलं नाही.' मी घरी आलो तर हे समोर. मग रोजच काहीतरी असायचं. कढी झाकून ठेवली आहे. चप्पल शिवून आणा. तुझ्यापासून लपवलं ते तिच्याच सांगण्यावरून. सुपडूभाऊंना एकदम दाखवू, म्हणायची, त्यांचा बीबीसी लाजला पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घ सगळे नीट बसले की तुला बोलवायचं होतं. तेवढ्यात आजारपण आलं.

ती गेल्यावर रीतीप्रमाणे तिच्या वस्तू वाटल्या. साड्या तिच्या बहिणीने नेल्या, शिलाई मशीन तुमच्या बेबाने नेलं, डाव आणि पितळी डबे मामीने. मी कशालाच नाही म्हटलं नाही. त्या कोपऱ्यातल्या मशीनकडे कोणी पाहिलं नाही. ते नानांचं खेळणं. ते तिचं आहे हे कोणाला माहीत नव्हतं.

आता मुख्य सांगतो. तू म्हणशील, अक्षरं डिस्कवर उतरवून पीसीत घालून देतो. ते तू करशीलही. पण अक्षरं आहेत टेपरेकॉर्डरच्या साध्या कॅसेटवर, आणि आपल्या टेपचा आकड्यांचा काटा मोडल्यापासून तिच्यावर काय कुठे आहे ते सापडत नसे. म्हणून कुंदा आधी वायर काढून टेपमध्ये बोलायची, मग वायर लावून प्रोग्रॅम साठवायची. त्या कॅसेटवर ती बोलली आहे, "ह्या मन्हा अक्षरं शेतस. पुसू नका बरं." माझ्याशी घरात ती तुमच्या-आमच्यासारखंच बोलायची. मशीनशी मात्र माहेरच्या बोलीत. त्यानंतर ती कर्कश किरकिर सुरू होते.

नुसती कॅसेट ऐकून पाहिली. ती बोलते आणि गप्प होते, मग किरकिर. पुढे बसवत नाही. मशीन जोडलेलं असलं की ती बोलते, मी वायर लावतो, टीव्हीच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावतात, आणि थोड्या वेळाने तिचं काम पडद्यावर येतं. तू नेहमी म्हणायचास की स्विच बंद केला की तुझं मशीन सगळं विसरतं, रोज पहिल्यापासून भरावं लागतं. खरं आहे. मी रोज ऑफिसातून आलो की भरतो. लिहीत काही नाही.

हे मी कधी कोणाला सांगितलं नसतं. पण गुरुवारी तिचा आवाज जड आला. ओढल्यासारखा, पुरुषासारखा. मशीनने प्रोग्रॅम घेतला नाही. शुक्रवारी कॅसेट पुन्हा लावली, तसंच झालं. तेव्हापासून मी बटण दाबलेलं नाही, कॅसेट अडकून तुटेल अशी भीती वाटते. टेपचा पट्टा सैल झाला असावा. गावातल्या दुकानात गेलो होतो, तो टेप ठेवून जा म्हणाला. ठेववलं नाही. मागे एकदा पट्टा तूच बदलला होतास, माप तुला ठाऊक असेल. रविवारी ये, पीसी आणू नको, तो पट्टा आण. जमलं तर दोन आण. आणि मी वायर लावेपर्यंत काही बोलू नको.

मगनला सांग, स्पेक्ट्रम द्यायचा नाही. कारण तुला हवं ते सांग.

दूध तापत ठेवलं आहे. मी अजून दोघांचं अर्धा लिटरच घेतो. वर आलं असेल, गॅस बंद करतो.

तुझाच
नाना