डाव्या बाजूचा जोडीदार

क्विन्सी, मॅसॅच्युसेट्स
६ फेब्रुवारी

चि. ओन्नीस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. कान हाताशी असता तर पिळलाही असता, कारण मी परत आल्यापासून तुझी एक ओळ नाही.

तुमच्या कीथच्या दफनानंतर आम्ही इकडे पोचलो, पण मन तिकडेच आहे. डेसमंडच्या कमरेचं दुखणं प्रवासानं वाढलंय, तो खुर्चीत बसून माझ्यावर हुकूम सोडतो. तुमचं कसं चाललंय हे मी विचारत नाही. विचारून तू सांगणार नाहीस. लहानपणापासून तुझं असंच. आई गेली तेव्हाही तू माझ्याशी महिनाभर फक्त हॉकीच बोललास. म्हणून मीही हॉकीच लिहिते.

तर ऐक. मार्चमध्ये मिलवॉकीला बर्फावरच्या हॉकीतली अखेरची चार कॉलेजं उतरतील, त्यात आमचं सेंट ब्रेंडन असणारच. आमचा मधला गडी ओ'डी उंचीनं माझ्या खांद्याला लागेल, पण चकती त्याच्या स्टिकला चिकटवल्यासारखी असते. पश्चिमेकडून प्रेअरी स्टेटचे ते दांडगे येतील. ग्रँट सिटीचा गोलकीपर चांगला आहे म्हणतात, पण डेसमंडच्या मते तो डाव्या गुडघ्यावर वेळेत बसत नाही. आणि तुमचं कार्प हार्बर? पेपरात दोन ओळी येतात, त्यावरून काही कळत नाही. तूच सांग.

इर्माला जवळ घेतलंय म्हणून सांग. लोभ आहेच, तो पत्रानं दाखवत जा.

तुझी
सायमा

---

कार्प हार्बर, मिशिगन
१३ फेब्रुवारी

प्रिय सायमाताईस ओन्नीचा नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. बर्फ खिडकीच्या वर गेलंय. इर्मा बरी आहे.

मी सामन्यांना रिंकवर जात नाही. कॉलेजनं कीथची चौदा नंबरची जर्सी संघाच्या बाकावर ठेवू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. रेडिओ लावतो, पण आवाज इतका बारीक की इर्माला ऐकू जाऊ नये. ती स्वयंपाकघरात ऐकत उभी असते हे मला ठाऊक आहे.

मागचे दोन्ही सामने हरलो. बचावात उजवीकडे कीथ नाही, आणि डावीकडे भोक पडलंय. प्रेअरी स्टेटवाले त्यातून गवताची गाडी घेऊन गेले. असा संघ मिलवॉकीला जात नाही. ग्रँट सिटीच्या गोलकीपरबद्दल डेसमंडचं खरं आहे. तुझा ओ'डी मी पाहिला नाही, पण पाद्र्यांच्या कॉलेजातली पोरं भिंतीपाशी धक्का बसला की देवाचा धावा करतात, एवढं माहीत आहे.

जास्त काय लिहू.

तुझा
ओन्नी

---

कार्प हार्बर
१५ फेब्रुवारी

ति. सायमाताईंना इर्माचा नमस्कार.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. फक्त तुमच्याच पत्राला ह्यांनी उत्तर दिलं. घरात आलेल्या बाकीच्या सांत्वनाच्या पत्रांना मीच उत्तरं देते, म्हणून तुमच्यावरच भार टाकते.

डाव्या बाजूला भोक पडलंय असं ह्यांनी लिहिलं असेल. ते का पडलं हे लिहिलं नसणार. ती जागा गॅरीची. आमच्या ट्रेव्हॅरोंचा गॅरी, तुम्ही त्याला दफनाच्या वेळी पाहिलात, हाताला पट्ट्या बांधलेला, सगळ्यांच्या मागे उभा होता. शाळेपासून कीथ उजवीकडे आणि गॅरी डावीकडे. त्या रविवारी गोठलेल्या उपसागरावर मासे धरायला गेले तेही दोघंच. नदी जिथे उपसागराला मिळते तिथला बर्फ खालून पातळ झाला होता. कीथ पुढे होता, तो आत पडला. गॅरीनं पोटावर झोपून त्याचा हात धरला होता म्हणतात. शेवटी त्याच्याकडे नुसता हातमोजा राहिला.

तेव्हापासून गॅरीनं स्केट्स पायात घातलेले नाहीत. हॅल्व्हरसन गुरुजी, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, घरी जाऊन आले, तो खोलीतून बाहेर आला नाही. परवा दुकानात मला पाहिलं आणि घेतलेलं सामान तसंच गल्ल्यावर टाकून निघून गेला. मागच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर हे आणि तो समोरासमोर आले. ह्यांनी टोपी खाली ओढली आणि दुसऱ्या बाजूनं उतरले. तो पोरगा बोडक्या डोक्यानं बर्फात उभाच राहिला.

ह्यांच्या मनात त्याच्याबद्दल राग नाही, ताई. एकदाच बोलले, की दोघांची चाल सारखी आहे, संघाचं जाकीट घालून तो लांबून येताना दिसला की आधी तो कीथ असतो आणि मग नसतो. ते त्यांना सोसत नाही. पण हे त्या पोराला कोण सांगणार? त्याला वाटतं, बापानं निकाल दिला.

माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील, किंवा तुमच्यावर रागावतील. रागावले तरी चालेल, गप्प बसण्यापेक्षा बरं.

आपली
इर्मा

---

क्विन्सी
२१ फेब्रुवारी

चि. ओन्नीस आशीर्वाद.

पाद्र्यांच्या पोरांची चेष्टा पोचली. डेसमंडला वाचून दाखवली, त्यानं क्रॉसची खूण करून तुला माफ केलंय.

आता खेळाचंच बोलते. डावीकडे भोक आहे, ते बुजवायला कॉलेज नवीन पोरं शोधतंय असं पेपरात आहे. नवीन कशाला? त्या जागेचा खेळाडू गावातच आहे, हातपाय धड आहेत, आणि तो का खेळत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्याला हॅल्व्हरसन उठवू शकत नाही, त्याची आई उठवू शकत नाही. तूच उठवू शकतोस, आणि तू रस्ता ओलांडून पलीकडे जातोस.

हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. तुला कळलंच असेल, आणि तिच्यावर आवाज चढवलास तर मी या कमरेच्या रुग्णाला घेऊन गाडीत बसेन.

एक मुलगा पाण्यानं नेला, ओन्नी. दुसरा तुमच्या गप्प बसण्यानं जातोय. मी थोरली आहे आणि हे लिहायचं काम माझंच.

सायमा

---

कार्प हार्बर
२६ फेब्रुवारी

सायमाताईस,

तुझे तिन्ही मुलगे रविवारी तुझ्या टेबलाशी जेवायला बसतात. मला शिकवू नकोस.

ओन्नी

---

कार्प हार्बर
४ मार्च

प्रिय सायमाताईस ओन्नीचा नमस्कार वि. वि.

मागचं पत्र टपालात टाकलं आणि घरी येईस्तोवर लाज वाटली. टपालवाल्या बाईकडे परत मागायला गेलो, तर ती म्हणाली, सरकारी पेटीत पडलेलं देवालाही परत मिळत नाही. तेव्हा ते फाडून टाक.

इर्मावर आवाज चढवला नाही. ती टेबलावर पीठ मळत होती. मी नुसता पत्र हातात धरून उभा राहिलो. वर न बघता म्हणाली, जायचं तर उजेड आहे तोवर जा.

ट्रेव्हॅरोंच्या घरापुढून मी गाडी तशीच पुढे नेली. मग वळवून आणली. गॅरी परसात लाकडं फोडत होता. एवढी लाकडं की तीन हिवाळे पुरतील. मला पाहून त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि दोन्ही हात बाजूला सोडून उभा राहिला. आता काय तो मार बसायचा, अशा बेतानं. गालफडं बसलेली. मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो की बाबा रे, संघाला तुझी गरज आहे. ते तसंच राहिलं. मी एकदम भलतंच विचारलं. म्हटलं, तिथे काय झालं ते मला सांग. शेरीफनं मला जागा सांगितली, वेळ सांगितली, बर्फाची जाडी सांगितली. माझा मुलगा शेवटी काय बोलला हे कुणी सांगितलं नाही.

तो आधी नको नको म्हणत राहिला. मग लाकडाच्या ढिगावर बसला आणि सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहितो, एकदाच, पुन्हा लिहिणार नाही.

गॅरीनं कीथचा हात पक्का धरला होता. त्याच्या छातीखालचा बर्फ करकरायला लागला. कीथनं तो आवाज ऐकला. त्याला म्हणाला, गाढवा, मागे सर, तूही येशील आत. गॅरी म्हणाला, गप बस आणि पाय मार. कीथनं दोनदा पाय मारून पाहिले. मग त्यानं आपला हात हातमोज्यातून ओढून काढून घेतला. सुटला नाही, सायमाताई. त्यानं काढून घेतला.

हे गॅरीनं कुणाला सांगितलं नव्हतं. कोण विश्वास ठेवील, म्हणाला. आणि ठेवला तर तुम्हाला अजून त्रास, की तो वाचला असता, पण माझ्यासाठी गेला. गाव म्हणत होतं की ट्रेव्हॅरोच्या पोराची पकड सुटली, ते त्यानं म्हणू दिलं.

दोघं एवढे एवढे होते तेव्हा मीच त्यांना बर्फावर नेत असे. मीच शिकवलं होतं की आत पडणाऱ्यानं बाहेरच्याला कधी ओढायचं नाही, आत एकच जावा. कीथ तेव्हा हसायचा. पाठ झालं होतं त्याला.

मी गॅरीला काय म्हणालो ते मला नीट आठवत नाही. त्याच्या शेजारी ढिगावर बसलो एवढं खरं. बराच वेळ बसलो. त्याच्या आईनं कॉफी बाहेर आणून दिली आणि आत गेली. उठताना मी त्याला सांगितलं की चर्चच्या पायऱ्यांवर मी तुझ्यापासून नाही पळालो, तुझ्या चालण्यापासून पळालो. ते त्याला कळलं. मग तोंडाला येईल ते बोललो, की रेडिओवर डाव्या बाजूचं वर्णन ऐकून माझे कान किटलेत, आणि त्या जागी सध्या जो ठोंब्या उभा असतो त्याच्यापेक्षा आमची इर्मा बरी खेळेल. त्यानं नाक पुसलं आणि म्हणाला की इर्माकाकूंचा वेग जरा कमी आहे.

घरी येऊन इर्माला सगळं सांगितलं. ती खूप रडली. शेवटी म्हणाली, तो कीथच होता. आपण वाढवला तसाच.

सोमवारी गॅरी सरावाला गेला. शनिवारी आम्ही साखळीची शेवटची फेरी जिंकलो, म्हणजे मिलवॉकीला जाणार. मी रिंकवर होतो. इर्मासुद्धा.

तू लिहिलंस ते बरं केलंस.

तुझा
ओन्नी

---

क्विन्सी
११ मार्च

माझ्या ओन्नीस आणि इर्मास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी डेसमंडला वाचून दाखवू शकले नाही. त्याच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा तो काठीशिवाय खिडकीपर्यंत गेला होता.

त्यावर मी काही लिहीत नाही. तू पुन्हा लिहिणार नाहीस म्हणालास, मीही विचारणार नाही. फक्त आमच्या कॅथलिक चर्चमध्ये कीथच्या नावानं प्रार्थना झाली, तुम्ही ल्यूथरपंथी असलात तरी.

आता दैवाचा खेळ बघ. उपांत्य फेरीत कार्प हार्बरची गाठ सेंट ब्रेंडनशीच! मला इथे सगळे विचारतात, तू कुणाकडून. मी सांगते की नवऱ्याच्या घरात राहते, पण जेवण माहेरचं जेवून वाढलेय. खरं सांगू? ओ'डीला मध्ये ताप आला होता तो उतरलाय, आमचंच पारडं जड आहे. त्याला उजवीकडे जाऊ देऊ नका म्हणून तुझ्या गॅरीला सांग. हे मी सांगितलं असं डेसमंडला कळलं तर मला घराबाहेर झोपावं लागेल.

दोघं मिलवॉकीला जा. घरी बसून रेडिओशी कुजबुजू नका.

तुमची
सायमा

---

कार्प हार्बर
२० मार्च

प्रिय सायमाताई आणि डेसमंड यांना ओन्नीचा नमस्कार.

घ्या, जिंकलात. आणि फायनलला प्रेअरी स्टेटकडून झोडपून घेतलंत, तेव्हा माझं दुःख हलकं झालं.

तुम्ही रेडिओवर ऐकलंच, जादा वेळेत गोल कसा झाला. रेडिओवाला म्हणाला असेल की ओ'डीनं कमाल केली. कमाल कसली? गॅरीनं जागा सोडली. चकती कोपऱ्यात गेली, हा तिच्यामागे धावला, आणि ओ'डी गोलसमोर एकटा. आमची पोरं बर्फावर जिथल्या तिथे बसली. गॅरी गुडघ्यावर होता, उठेचना. इर्मानं माझा दंड धरला. मला वाटलं, हे ओझंही आता हा स्वतःवर घेणार.

तासाभरानं तो बॅग घेऊन बाहेर आला. संघ बसनं जाणार होता, मी हॅल्व्हरसनला सांगितलं की ह्याला आम्ही आणतो. जवळच्या हॉटेलात बसलो. तो मान खाली घालून बसला आणि म्हणाला की काका, मी घालवला. इर्मा माझ्याकडे बघत होती, की आता हा काहीतरी गोड बोलेल.

मी गोड बोललो नाही. मी त्याला झापलं. कीथला झापायचो तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मिठाची बाटली म्हणजे गोल, मिरपूड म्हणजे ओ'डी, आणि तू, शहाण्या, इथे काट्यापाशी काय करत होतास? आधी त्याचे डोळे भरले. मग त्यानं काटा उचलून दुसरीकडे ठेवला आणि म्हणाला की तुम्ही मुळात चुकताय, गोलकीपरला समोरचं दिसतच नव्हतं, मी गेलो नसतो तर चकती मागून आली असती. मी म्हटलं, काहीतरी सांगू नकोस. तो म्हणाला, तुमची जागा वर होती, वरून काय कळतं! आवाज चढले. आजूबाजूचे लोक बघायला लागले. इर्मानं दोघांच्या पुढ्यातल्या बाटल्या काढून घेतल्या आणि सांगितलं की जेवण गार होतंय.

वाढणाऱ्या बाईनं विचारलं की हा तुमचा मुलगा का. इर्मानं सरळ सांगितलं की नाही, आमच्या मुलाचा जोडीदार.

सकाळी निघालो. उन्हं चांगली होती, रस्ते मोकळे. गॅरी मागच्या सीटवर होता. थोडा वेळ अजून वाद घालत होता, मग झोपला. त्याची आई म्हणायची की जानेवारीपासून तो नीट झोपलेला नाही, रात्रीचा उठून परसात जातो. कार्प हार्बरला पोचलो, त्याच्या फाटकापाशी गाडी थांबवली, तरी हा तोंड उघडं टाकून गाढ. इर्मा उठवायला वळली आणि तिनं हात मागे घेतला.

इंजिन बंद केलं तर गाडी गार पडेल म्हणून चालूच ठेवलं. त्याची आई ओल्या हातांनी बाहेर आली, काचेतून आत पाहिलं. तिनं दार उघडलं नाही. माझ्याकडे बघून मान हलवली, आत गेली आणि कॉफीचे तीन कप घेऊन आली. आम्ही तिघं तशीच, ती बाहेर गाडीला टेकून, आम्ही आत, कॉफी पीत राहिलो. तो झोपला होता.

डेसमंडच्या कमरेला जपा. पुढच्या वर्षी ओ'डी राहणार नाही, तेव्हा बघून घेऊ. माया असू द्या.

तुझा
ओन्नी