कुलपात घातलेलं तेल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा घरगुती वस्तूंची दुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणी डोक्यावर बसलेले नसताना, दुकानामागच्या खोलीत टेबलाशी बसून लिहीत आहे. गुडघे कुरकुरतात, डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी तारीख सांगितली आणि त्यांच्या खुर्चीचे चाक का करकरते तेही सांगितले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आताही घरदार वाटण्यासाठी बसलो आहे असे कोणी समजू नये. वाटण्यासारखे आहेच किती! माझा धाकटा भाऊ एकोणचाळीस वर्षे या दुकानाची पायरी चढलेला नाही. त्याच्यावर जो ठपका आला तो त्याचा नव्हता, माझा होता. हे मला कायद्याच्या कागदावर लिहायचे आहे. पण तिथवर पोचायला धीर लागतो, म्हणून आधी सोपे सोपे वाटून टाकतो.

कलम १. दुकानामागच्या दोन खोल्या माझ्या लेकीला द्याव्यात. रस्त्याकडची खिडकी लाकडी आहे आणि पावसाळ्यात फुगते. तिला तेल लावू नये. तेल लाकडात मुरते, लाकूड आणखी फुगते, मग खिडकीशी कुस्ती. कोरड्या साबणाची वडी खाचेतून चार वेळा फिरवावी. कपाटाच्या खणांना मेणबत्ती घासावी. अर्धी मेणबत्ती वरच्याच खणात आहे. ती वीज गेल्यावर लावण्यासाठी नाही, हे लेकीला लहानपणापासून सांगतो आहे आणि ती लहानपणापासून तीच लावते आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते लेकीचे. तिच्या आईचे शिलाई मशीनही तिचेच. त्यात फक्त शिलाई मशीनचे पातळ, पाण्यासारखे स्वच्छ तेल घालावे, प्रत्येक भोकात एकच थेंब, आणि नंतर जुन्या फडक्यावर दहा-बारा टाके मारावेत म्हणजे जास्तीचे तेल फडके पिईल. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी घरात ते तेल संपले होते, तेव्हा मी शहाणपणा करून स्वयंपाकघरातले खायचे तेल घातले. महिन्याभरात आतले सगळे चिकटून बसले. जगाची मशिने दुरुस्त करणारा नवरा आणि घरच्या मशीनचे हे हाल! बायकोने मशीन उचलले आणि भर दुपारी, गिऱ्हाईक उभे असताना, दुकानात आणून माझ्यासमोर ठेवले. "किती दिवसांनी मिळेल?" असे तिने मला अनोळखी बाईसारखे विचारले. मी म्हणालो, "शनिवारी." शनिवारपर्यंत ती माझ्याशी गिऱ्हाइकासारखीच वागली. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा गल्ल्यावर बसत. ते खोकल्याचे निमित्त करून बाहेर जाऊन हसून आले. ती गेली त्याला सात वर्षे झाली. मशीनला अजून दर महिन्याला मी तेल घालतो. शिवत कोणी नाही, तरी घालतो. चाक फिरवले की तोच आवाज येतो आणि बरे वाटते.

कलम ३. माझे जावई सज्जन आहेत, लेकीला सुखात ठेवतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्याकडे एक फवाऱ्याचा डबा आहे आणि तो ते बिजागरी, सायकल, नळ, पंखा, जे समोर येईल त्यावर मारतात. मी किती वेळा सांगितले, "अहो, ते गंज सोडवायचं औषध आहे. वंगण नव्हे. ते उडून जातं आणि जाताना आधीचं तेलही घेऊन जातं." तर म्हणतात, "बाबा, पण लगेच फिरायला लागलं की!" मी म्हणतो, "आज फिरतंय. महिन्यानं बोला." महिन्याने त्यांचा फोन येतो, पण लेकीच्या आवाजात. माझे भिंतीवरचे घड्याळ त्यांनी असेच फवारून बंद पाडले. ते बंद घड्याळ मी त्यांनाच देत आहे. त्यांनी ते दिवाणखान्यात, समोरच्या भिंतीवर लावावे, ही अट.

कलम ४. दुकानातल्या बरण्या, डबे आणि नळीच्या तेलदाण्या कुणी भंगारात टाकू नयेत. दाट पिवळे ग्रीस दातेरी चाकांसाठी. रबर आणि प्लास्टिकसाठी सिलिकॉन. खनिज तेल लागले की रबर फुगते आणि मऊ पडते. आणि काळ्या झाकणाच्या बाटलीत ग्राफाइटची पूड, ती कुलपांसाठी. ही सगळी मांडणी आप्पांची. दुकान उघडल्यावर ते आधी या फळीवरून फडके फिरवत, मगच चहा घेत. त्या वेळी दुकानात तेलाचा आणि पत्र्याचा असा एक वास असे की शाळेतून येताना कोपऱ्यावरच कळे, घर आले. मी आणि धाकटा तिथून पळत सुटायचो. पहिला पोचेल त्याला तेलदाणीचा खटका दाबायला मिळे. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, त्यामुळे दर वेळी मीच जिंकायचो. एवढ्याशा पोराला एकदाही जिंकू दिले नाही. आता वाटते, काय अडले होते?

आप्पा कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारत. काय कशावर घासतंय? धूळ किती? ऊन-थंडी किती? आणि शेवटचा हात कुणाचा? चौथा प्रश्न ते सगळ्यात हळू विचारत. आधी कोणी काय घातले आहे हे कळल्याशिवाय वर काही घालायचे नाही. म्हणून आमच्या दुकानाची रीत होती: काम झाले की वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. काय घातले, कोणी घातले, कोणत्या तारखेला. लोक हसायचे. "तुमच्याकडचा पंखा म्हणजे दवाखान्यातला पेशंट," म्हणायचे. आप्पा म्हणायचे, "हसा. पण चिठ्ठी काढू नका."

कलम ५. आता ते.

आम्हा दोघा भावांना ज्या बाईंनी शाळेत शिकवले, त्या निवृत्त होऊन पलीकडच्या गल्लीत एकट्या राहत. त्यांच्या पुढच्या दाराचे कुलूप, दारातच बसवलेले, जड होते. एका सोमवारी धाकटा गेला, कुलूप साफ केले, ग्राफाइटची पूड घातली आणि आतल्या मुठीला चिठ्ठी बांधून आला. काम अगदी बरोबर केले होते. मी आज सांगतो, त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता. आप्पा मला थोरला म्हणून पुढे करायचे, आणि मला ते आवडायचे.

त्याच आठवड्यात मी बाईंची इस्त्री दुरुस्त करून पोचवायला गेलो. त्या चहा टाकायला आत गेल्या. मी दाराशी उभा. सवयीने किल्ली फिरवून पाहिली. पूड नवी असली की थोडी खरखरते, चार दिवसांत बसते. मला ती खरखर ऐकू आली आणि मनात आले, धाकट्याने नीट केलेले दिसत नाही. मला कोणी सांगितले नव्हते, कोणी विचारले नव्हते. खिशातली तेलदाणी काढली आणि सहा थेंब सोडले. किल्ली लोण्यासारखी फिरली. मी खूश. मुठीवर बाईंची छत्री आणि पिशवी लटकत होती, चिठ्ठी त्यांच्याखाली झाकलेली होती. मी ती उचलून पाहिली नाही. चौथा प्रश्न मी कोणालाच विचारला नाही, स्वतःलाही नाही. चहा पिऊन घरी आलो.

पुडीवर तेल पडले की तिचा चिखल होतो. त्यात त्या दिवसांत गल्लीचा रस्ता खणलेला, धुळीचे लोट, आणि पाठोपाठ थंडी. तीन आठवड्यांनी एका सकाळी बाईंना आतून दार उघडेना. त्यांनी हाका मारल्या, पण रस्त्यावर यंत्र चालू होते. शेवटी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर उतरायला गेल्या आणि पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्या पुन्हा काठीशिवाय चालल्या नाहीत.

दार उघडायला शेजाऱ्यांनी मला बोलावले. मी त्याच खिडकीतून आत शिरलो आणि कुलूप सोडवले. आतून काजळासारखा काळा लगदा निघाला. मी बघितले आणि माझे तेल ओळखले. मग छत्री बाजूला केली तर चिठ्ठी दिसली. धाकट्याचे ठसठशीत अक्षर: "पूड घातली आहे. तेल घालू नये." मी लगदा रुमालाने पुसला. चिठ्ठी तोडली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

कुलपाला शेवटचा हात धाकट्याचा आणि मुठीला चिठ्ठी नाही, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते. संध्याकाळी आप्पांनी त्याला दुकानात उभे केले. मी शेजारीच होतो.

"चिठ्ठी का नाही बांधलीस?"

"बांधली होती, आप्पा."

"मग कुठंय?"

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. मी फळीवरच्या बरण्या सारख्या करत होतो. चिठ्ठी खिशात होती. आप्पा म्हणाले, "काम चुकतं, माणूस चुकतो. पण खोटं बोलणारा हात मला दुकानात नको." त्याने अंगातला कामाचा डगला काढून खुंटीला लावला आणि बायको-पोरीला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे काचेच्या कारखान्यात यंत्रांना तेल घालायच्या कामावर लागला. दोन वर्षांनी आप्पा गेले तेव्हा तो स्मशानात आला, मागे उभा राहिला आणि कोणाशी न बोलता परत गेला. त्या दिवशी तरी मी बोलायला हवे होते. मी भ्यालो. पुढे जितके दिवस गेले तितके बोलणे अवघड होत गेले, एवढेच. याला दुसरे काही कारण नाही आणि मी शोधतही नाही.

तरी मी, पूर्ण शुद्धीत, जाहीर करतो की त्या कुलपात तेल मी घातले, चिठ्ठी मी लपवली, आणि माझा भाऊ आप्पांशी खरे बोलला होता. ती चिठ्ठी या कागदाला टाचली आहे. घडी जिथे होती तिथे फाटली आहे, पण अक्षर वाचता येते.

कलम ६. दुकान, फळी, हत्यारे आणि पाटी, सगळे धाकट्या भावाला द्यावे. पाटीवर "आणि मुलगा" लिहिले आहे. ते "आणि मुलगे" करून घ्यावे. खर्च माझ्या शिलकीतून.

पुरवणी. वरचा मजकूर काल लिहून झाला. मी मेल्यावर त्याला हे कळावे, असा बेत होता. कागद तपासायला बोलावलेल्या वकीलबाईंनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "काका, मेल्यावर माफी मागणं फार सोपं आहे हो." मला राग आला. मग त्यांनी स्वतःच कारखान्यात विचारून त्याच्या घरी फोन लावला आणि मी त्यांना थांबवले नाही.

तो आज सकाळी आला. केस सगळे पिकले आहेत. पायरीवर थोडा थांबला. मी उठायला लागलो तर म्हणाला, "बस, दादा. गुडघे दिसतायत मला." मी कागद पुढे केले. त्याने उभ्याउभ्याच सगळे वाचले, कलम पाच दोनदा वाचले. वकीलबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मी म्हणालो, "तुला तेव्हाच कळलं होतं का रे?"

"दार उघडायला तूच गेला होतास. दुसरं कोण काढणार चिठ्ठी?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर आप्पांनी तुझ्या खिशात हात घातला असता. ते मला बघवलं नसतं." मग म्हणाला, "पण वाट पाहिली, दादा. तू सांगशील म्हणून. पहिली काही वर्षं तर रोज पाहिली."

त्याने विचारले, "साक्षीदार कोण आहे?" एक डॉक्टर, दुसरा अजून ठरायचा आहे, असे वकीलबाईंनी सांगितले. तो म्हणाला, "दुसरा मी." त्यांनी समजावले की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष करू नये, केली तर दुकानावर पाणी सोडावे लागेल. तो म्हणाला, "दुकान राहू द्या. या कागदाखाली माझं नाव पाहिजे."

म्हणून कलम ६ मी बदलतो आहे. दुकान त्याच्या मुलीला, माझ्या पुतणीला द्यावे. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती चार वर्षांची होती. आता लिफ्ट दुरुस्त करते म्हणे. पाटीवर काय लिहायचे ते तिने ठरवावे.

हे सर्व मी वाचून, समजून, माझ्या हाताने लिहिले आहे आणि प्रत्येक पानावर सही केली आहे.

मृत्युपत्र करणार: (सही) थोरला

ठिकाण: दुकानामागची खोली. तारीख: अकरा फेब्रुवारी, सकाळी साडेअकरा.

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. मृत्युपत्र करणाऱ्यास मी तपासले आहे. प्रकृती वयाच्या मानाने चांगली.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. दादाने माझ्यासमोर सही केली. सही करताना तो पूर्ण शुद्धीवर होता. रडत होता, पण शुद्धीवर होता.