मामाच्या बोटावरची पट्टी

लबाड मामा,

हे पत्र तुला पाठवणार नाही, कारण मामीनं शपथ घातलीय. पण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

छापखान्यातल्या कटिंग मशीननं माझ्या उजव्या हाताची अनामिका नेली, तेव्हा मी गिटार माळ्यावर टाकली. पंधरा दिवसांनी तू आलास, तर तुझ्याही त्याच बोटाला पट्टी! "करवत लागली, आता वळत नाही," म्हणालास.

"तुझं निदान जागेवर तरी आहे," मी खेकसलो.

तू गिटार खाली काढलीस. अंगठ्यानं जाड तारांवर ठेका धरलास, तर्जनी आणि मधल्या बोटानं बारीक तारांवर चाल शोधलीस, मधेच तळहातानं लाकडावर थाप दिलीस. सारखा अडखळत होतास आणि स्वतःलाच शिव्या घालत होतास. शेवटी मलाच राहवेना. "आण इकडे, मी दाखवतो!"

सहा महिने तुझी पट्टी सुटली नाही. तोवर आपण सगळ्या चाली तीन बोटांवर बसवल्या होत्या.

काल माझ्या कार्यक्रमानंतर एक बाई म्हणाल्या, "डोळे मिटले की दोघं वाजवताहेत असं वाटतं." हे मामीला सांगितलं, तर ती हसत सुटली. "अरे, त्याच्या बोटाला कधी खरचटलंसुद्धा नव्हतं. तुझ्याकडे निघताना पट्टी बांधायचा, घरी आला की सोडायचा."

रविवारी आलास की मी विचारीन, "थंडीत बोट दुखतं का रे अजून?"

तू "दुखतं" म्हण. मला ते ऐकायचंय.

तुझा,
नऊ बोटांचा भाचा