टोपीवाला कावळा

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
२० ऑगस्ट १९८४

ती. सौ. शरयूवन्संना,
मालिनीचा सा. न. वि. वि.

तुमच्या भावाचं वर्षश्राद्ध काल झालं. तिथी गुरुवारी होती, पण इथं पितरांनाही रविवारपर्यंत कळ काढावी लागते. भटजी म्हणजे प्रल्हाद. एरवी इंजिनिअर, सुटीच्या दिवशी सोवळ्यात. मागच्या अंगणात पान ठेवलं. कावळा आला नाही. खार आली आणि वडा हुंगून गेली. तुमच्या भाच्याचं, शैलेंद्रचं म्हणणं, खार चालत असेल तर पान शिवलं असं धरू. शेवटी प्रल्हादने दर्भाचा कावळा करून पानाला शिववला. ह्यांना जन्मभर नकली मालाची चीड!

आजारपणात मी ह्यांना लायब्ररीतलं एक पुस्तक वाचून दाखवत होते, इजिप्तमधली थडगी पहिल्यांदा खणली त्याचं. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. तिथले राजे मेले की सोबत भाकरी, भाजलेली बदकं, दारूचे रांजण ठेवत. हजारो वर्षं पान तसंच. मग साहेब आले. आधीचे तर ओंडक्याने दार फोडून आत शिरत, आणि मढ्याची वस्त्रं सोडून दाखवायला लंडनात तिकीट लावत. हे म्हणाले होते, राजाला शेवटी टोपीवाला कावळा शिवला.

थट्टा करते आहे, पण विचारते खरंच. ह्यांचं काय राहिलं असेल, वन्सं?

रागवा, पण विसरू नका.
तुमची मालिनी


वाई
४ सप्टेंबर १९८४

गं. भा. मालिनीस,
अनेक आशीर्वाद.

श्राद्ध रविवारी! उद्या गणपतीही सवडीने बसवाल.

एकनाथाचं काय राहिलं हे मला विचारतेस? वाईला परत यायचं राहिलं. कृष्णेच्या घाटावर पान ठेव, दहा कावळे भांडतील. आजारी माणसाला देवाचं काही वाचावं. तू मढी वाचलीस. कावळा काय तोंडाने येईल?

आता सर्वपित्रीला तरी नीट कर. दक्षिणेकडे तोंड करून मोठ्याने कबूल कर, की घर विकून शैलेंद्रला घेऊन कायमची येते. त्याशिवाय तो शिवायचा नाही. माझा भाऊ आहे, हट्टी. शैलेंद्रसाठी पद्मिनी नावाची मुलगी पाहिली आहे. बी. कॉम. आहे, आणि मढ्यांची आवड नाही.

तुझ्यावर रागवायला आता मीच उरले आहे, तेव्हा उत्तर लवकर धाड.
शरयू


वेस्ट विंडसर
२६ सप्टेंबर १९८४

ती. सौ. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्रातलं ‘गं. भा.’ वाचून म्युझियममधल्या मढ्यांच्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या आठवल्या. मेलेल्याला एक चिठ्ठी, उरलेलीला एक.

परवा सर्वपित्री तिथीलाच केली. शैलेंद्रने रजा काढली. शेजारच्या छपरावर एक कावळा येऊन बसला, इथल्या माणसांसारखाच लठ्ठ. मी शैलेंद्रचं लग्न करीन म्हटलं. कावळा पंख खाजवत बसला. शैलेंद्रनेही तेच केलं. मग वाईचं नाव घेतलं, तर कावळ्याने पाठ फिरवली. रागावू नका, पाहिलं तेच लिहिते आहे. घर विकीन हे शब्द माझ्या तोंडून निघेनात.

तेव्हा आठवलं. शेवटच्या संध्याकाळी पुस्तकात राजाच्या खोलीचं मोहोर लावलेलं दार आलं होतं. हे म्हणाले, आत काही नसणार, चोर आधीच येऊन गेले असतील. मी म्हटलं, काहीतरी असेलच. पैज लागली. दार उद्या उघडू म्हणाले. तो उद्या आला नाही. पुढचं पान मीही उलटलं नव्हतं. पुस्तक कपाटातच होतं; लायब्ररीने मागायचं सोडलं.

शैलेंद्रकडून ते आणवलं आणि दक्षिणेकडे तोंड करून वाचायला लागले. आधी इंग्रजी, मग मराठी. शेजारीण कुंपणावरून बघत राहिली. दार उघडलं. आत सोनंच सोनं, साहेबांचे डोळे दिपले. आणि राजाच्या पेटीवर एक लहानशी माळ. फुलं वाळलेली, पण रंग अजून ओळखू येत होते. चोरांनी नेली नाही. त्यांना ती कशाला? मी ह्यांना सांगितलं, पैज मी जिंकले.

कावळा केव्हा शिवला ते मला दिसलंच नाही. डोळे पुसून पाहिलं तर पानावर वडा नव्हता. शैलेंद्र म्हणाला, खार नाही आई, कावळाच होता.

दिवाळीत वाईला येते, तुम्हांला भेटायला. पद्मिनीलाही बघू. पण घर विकत नाही. पुस्तक अजून निम्मं राहिलंय, आणि ऐकणाऱ्याला आता इथला पत्ता ठाऊक झालाय.

तुमची माया आहे तशीच राहू द्या.
मालिनी