उजव्या पंजावरची ऊब

चैत्र वद्य पंचमी, मोमिनाबाद

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर वाकडंच येणार. इंग्रजांच्या चीनच्या मोहिमेत उजव्या दंडाला गोळी लागली, नस मेली आणि पंजा लाकडासारखा झाला. तिथला एक म्हातारा वैद्य वाळल्या पाल्याची वात पेटवून कातडीजवळ धरायचा. महिन्याभरात करंगळीला मुंग्या आल्या! तेवढ्यात आमच्या घोडदळाच्या रिसाल्याला परतीचा हुकूम. अजून एक महिना मिळाला असता तर?

त्या पाल्याचा वास थेट दवण्यासारखा. हे मी बायकोला का सांगितलं कोण जाणे. तेव्हापासून ही रोज दिवेलागणीला वाळल्या दवण्याची वात पेटवून माझ्या पंजाजवळ धरते आणि विचारते, "कळतंय का?" मी म्हणतो, न्हाई. दोन वर्षं हेच. दवणा म्हणजे तो पाला नव्हे, मला ठाऊक आहे. हिलाही असेल?

आज हिचा चेहरा बघवेना. डोळे मिटून बसलो. दवण्याचा वास आला, हिनं विचारलं आणि मी खोटंच बोललो, "हां, ऊब लागतीय."

डोळे उघडले तर दवण्याची वात ताटलीत तशीच, न पेटवलेली. माझ्या पंजावर हिचा हात होता.

"अवो, माझा हात कळला तुमाला!" म्हणाली आणि रडायलाच लागली.

आता आत भाकरी थापताना गुणगुणतेय. लई दिवसांनी. मी मघाशी उजवा पंजा डाव्याने उचलून गालाला लावून बघितला. गालाला पंजा कळतो. पंजाला गाल कळत नाही.