घुमटाची उजवी बाजू

सर, तुमच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून तो सोडून द्यावा असंही मला वाटत नाही. दिल्लीत सरोजिनी नगरच्या तुमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर रविवारी आम्ही मराठी मुलं चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करायचो. मुक्तहस्त म्हणजे मधे एक उभी रेघ, डावीकडे अर्धी आकृती काढायची आणि उजवी बाजू नुसत्या नजरेने तिच्याशी जुळवायची. पट्टी नाही, कागद दुमडून छाप घ्यायचा नाही. त्या दिवशी माझा कलश दोन्हीकडे तंतोतंत जुळला. तुम्ही कागद खिडकीशी धरलात, घडी शोधलीत, ती सापडली नाही. तरी सगळ्यांसमोर म्हणालात, "एवढं सारखं हाताने येत नाही. छापलंयस." आणि कागद फाडलात. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या, मी रडत होते, आणि तुम्ही पुढच्या मुलीची वही हातात घेतलीत.

तेव्हापासून मी प्रत्येक चित्राची उजवी बाजू मुद्दाम जराशी बिघडवते. पुन्हा कुणी छापलंयस म्हणायला नको. लोक तिला माझी शैली म्हणतात. कसली डोंबलाची शैली, तुमची धास्ती आहे ती.

काल गुरुग्रामच्या एका हॉटेलात महागड्या पर्सांच्या कंपनीचा समारंभ होता. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत कार्डांवर दिल्लीतल्या इमारती काढून द्यायच्या, हे माझं काम. मी हुमायूनचा मकबरा काढतेय तोच तिथली मॅनेजर कानाशी येऊन म्हणाली, "मॅम, डोम टेढ़ा आ रहा है. ऐसा है तो हम प्रिंटेड आउटलाइन दे देते हैं, आप बस ऊपर से पेन चला दीजिए." म्हणजे आता खरोखरच गिरवायचं, आणि तेही लाइव्ह म्हणून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यापेक्षा तुमचाच जास्त राग आला, सर. ती निदान गिरवायला सांगत तरी होती.

मी कोरं कार्ड घेतलं. घुमटाची डावी बाजू काढली आणि उजवी जशी येते तशी येऊ दिली. ती तंतोतंत जुळली. मॅनेजरने छापील कार्डांचा विषय पुन्हा काढला नाही. ज्या बाईंसाठी काढत होते त्यांनी हात पुढे केला, तर मी म्हटलं, हे जरा बिघडलंय, दुसरं देते. खोटं बोलले. ते कार्ड मी घरी घेऊन आले. तुम्हाला दाखवायचं होतं.